दुष्काळ, टंचाई आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ

आम्हा ग्रंथपालांच्या व्यवसायात सध्या एक मत इतकं रुळलंय, की ते नुसतं मत आहे याचाही विसर पडलाय. विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून संदर्भ शोधता येत नाहीत, कारण कुठलं बटण कुठे आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. तेव्हा एकदा नीट दाखवा. पडद्याचं रेकॉर्डिंग करा, सहा मिनिटांत बसवा, शेवटी पाच प्रश्नांची चाचणी जोडा आणि लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. जुलैत दीडशे मुलांना रांगेनं ग्रंथालयातून फिरवायचा तास वाचतो, मूल्यांकनाच्या फाइलला पुरावा मिळतो, प्राचार्यही खूश.

हे मत मी स्वतः बरीच वर्षं बाळगलं आहे. असे व्हिडिओ केलेतही. त्यांतल्या एकात मागून कॉलेजची घंटा ऐकू येते. आता मला तेच मत खोडायचं आहे. पण खंडनाचा रिवाज असा, की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा. लंगडा पैलवान उभा करून त्याला चीतपट करण्यात कसली कर्तबगारी?

तर पूर्वपक्षाची पहिली मातब्बर साक्ष टेक्सासची. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या ग्रंथपालांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘टिल्ट’ नावाचं ऑनलाइन ट्युटोरियल तयार केलं. दरवर्षी हजारोंनी येणारे नवे विद्यार्थी आणि मूठभर ग्रंथपाल, असा तो हिशेब होता. निवडणं, शोधणं आणि पारखणं असे त्याचे तीन भाग. पुढे ते खुल्या परवान्यावर दिलं गेलं आणि इतर विद्यापीठांनी ते आपापल्या मापानं बेतून घेतलं. दुसरी साक्ष अभ्यासकांची. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या एका गटाला ग्रंथपालानं समोर उभं राहून शिकवलं, दुसऱ्याला वेबवरून. २००० साली निष्कर्ष छापून आला: दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नाही. २००७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्याचाही कौल तोच. तिसरी साक्ष ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंची. २०१४ च्या एका अभ्यासात पाहण्याच्या लाखो नोंदी तपासल्या, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं सर्वाधिक टिकून पाहतात असं दिसलं. सहा हा आकडा आमच्याकडे आला तो तिथून. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे ग्रंथालयशास्त्रातले आपले रंगनाथन. त्यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. त्यावर बोलायची कुणाची टाप आहे?

आता उत्तरपक्ष. तो मी पुस्तकातून नाही, टेबलावरून सुरू करते.

दोन-तीन वर्षांपूर्वी एम.ए. इतिहासाचा एक मुलगा देवघेवीच्या खिडकीशी बराच वेळ घुटमळत होता. मोबाइल पुढे करून म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे काहीच नाही यावर.” त्यानं ओपॅकच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीच्या, चौकटीत प्रकल्पाचं आख्खं शीर्षक भरलं होतं: ‘१९७२ च्या दुष्काळाचे महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजजीवनावर झालेले परिणाम’. खाली निकाल शून्य. त्यानं आमचा व्हिडिओ पाहिला होता का? पाहिला होता. चाचणीत पाचपैकी पाच. कुठली चौकट, कुठलं बटण, ‘आणि’ नि ‘किंवा’ कसं लावायचं, सगळं त्याला येत होतं. आमच्या ट्युटोरियलनं जे शिकवलं ते तो शिकला होता, आणि तरीही रिकाम्या हातानं उभा होता.

मी म्हटलं, “नुसतं दुष्काळ टाकून बघ.” त्यानं देवनागरीत टाकलं. चार पुस्तकं आली, त्यांतल्या दोन कादंबऱ्या. कारण आमच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत. संगणकीकरणाच्या काळात ज्यांनी त्या भरल्या, त्यांतल्या कुणी ‘दुष्काळ’मधला ‘का’ एका ‘ए’नं लिहिला, कुणी दोन ‘ए’ लावले, आणि ‘ळ’साठी रोमनमध्ये अक्षरच नसल्यामुळे सगळ्यांनी ‘एल’वर भागवलं. हे कुठल्याच परदेशी ट्युटोरियलमध्ये नसतं, कारण त्यांच्याकडे हा घोळच नाही. इंग्रजीत शब्द एकदा नीट लिहिला की प्रश्न मिटतो. मराठी पुस्तक शोधणाऱ्याला मात्र एकच शब्द तीन-चार सोंगांत ओळखावा लागतो.

पण खरी गंमत पुढे आहे. “सरकारी अहवाल हवेत,” तो म्हणाला. मी विचारलं, “कुठल्या शब्दानं शोधशील?” त्यानं लगेच इंग्रजी ‘फॅमिन’ सांगितलं. शब्दकोशातही तेच सापडेल. आता महाराष्ट्राच्या कायदेमंडळानं १९६३ साली एक कायदा केला आहे. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकण्याचा. त्याच्या जागी आला ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई. म्हणून १९७२-७३ ची सरकारी कागदपत्रं टंचाईबद्दल बोलतात: टंचाईग्रस्त गावं, टंचाई निवारण, टंचाईची कामं. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं ज्या कामांवर खडी फोडत होती, ती कामं कागदावर दुष्काळाची नव्हती, टंचाईची होती. ‘फॅमिन’ टाकणाऱ्या मुलाला त्यांतलं फारसं काही हाती लागणार नाही, आणि तो समजेल की अशी कागदपत्रं नाहीतच.

हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. “म्हणजे शब्दच पळवला?” त्याच्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं प्रकरण पुढे या वाक्यातून निघालं.

मग आम्ही अर्धा तास शब्दांच्याच मागे लागलो. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वुल्फ लाडेजिन्स्कींचा १९७३ चा लेख आहे. त्याच्या शीर्षकात ‘ड्रॉट’ आहे, ‘फॅमिन’ नाही. व्ही. सुब्रमण्यम यांचं १९७५ चं इंग्रजी पुस्तक ‘पार्च्ड अर्थ’. मुख्य शीर्षकात तर नुसती भाजलेली जमीन, दुष्काळ आहे तो उपशीर्षकात. ज्या नोंदीत उपशीर्षक टंकलेलंच नाही, तिथे ते पुस्तक असून नसल्यासारखं. मग ‘रोजगार हमी’ टाकलं आणि एकदम ढिगानं नोंदी आल्या, कारण ती योजना त्याच दुष्काळातून उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ चा. शेवटी मी विचारलं, “घरी आजी आहे? ती काय म्हणते या सालाला?” तो हसला. “बहात्तरचा दुष्काळ. मिलो खाल्ला म्हणते. सुकडी.” दुष्काळातल्या खाण्याचे हे दोन्ही शब्द शोधायचेच शब्द आहेत. त्या काळच्या मराठी लेखांत, आठवणींत ते सापडतात. ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत सापडत नाहीत. कपाटांचंही तेच: ड्यूईच्या वर्गीकरणात या एका दुष्काळावरची पुस्तकं अर्थव्यवहाराच्या ३३८ मध्ये, समाजाच्या अडचणींच्या ३६३ मध्ये आणि इतिहासाच्या ९५४.७९ मध्ये अशी तीन दिशांना पांगलेली असतात. एका कपाटापाशी उभं राहून ‘एवढंच आहे’ म्हणणारा मुलगा चूक नसतो. त्याला बाकीच्या दोन कपाटांचा पत्ता नसतो, इतकंच.

माझा मुद्दा यातच आहे. संदर्भ शोधण्याचं कौशल्य यंत्र चालवण्याचं नाही, प्रश्नाला शब्द मिळवून देण्याचं आहे. कोणत्या काळात, कुणी, कुठल्या शब्दानं ही गोष्ट बोलली असेल हा अंदाज बांधायचा, तो फसला की दुसरा बांधायचा. प्रचलित ट्युटोरियल नेमका हा भाग गाळतं. दाखवणारा ग्रंथपाल आधीच यशस्वी होणारा शब्द हेरून ठेवतो, रेकॉर्डिंग सुरू करतो, शब्द टाकतो आणि पडद्यावर सुरेख शंभर निकाल उमटतात. मुलाला वाटतं, शोधणं म्हणजे हेच. खरं शोधणं त्या रेकॉर्डिंगच्या आधी, ग्रंथपालाच्या डोक्यात झालेलं असतं आणि ते कॅमेऱ्यात आलेलं नसतं.

अमेरिकेतले ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली हे फार बारकाईनं मांडलं होतं. माणूस ग्रंथपालापुढे जो प्रश्न ठेवतो तो त्याचा मूळ प्रश्न नसतोच, असं त्यांचं म्हणणं. आधी नुसती अस्वस्थता असते. मग ती स्वतःपुरती थोडी कळते. मग शब्दांत बसते. आणि शेवटी, ‘हे ग्रंथालय काय देऊ शकेल’ याचा अंदाज घेऊन माणूस ती कापून-छाटून पुढे करतो. आमच्या पोराच्या बाबतीत हा शेवटचा, छाटलेला प्रश्न म्हणजे सरांनी फळ्यावर लिहिलेलं शीर्षक. टेबलामागच्या माणसाचं काम त्या प्रश्नाला उलट्या पायऱ्यांनी खाली नेण्याचं. सहा मिनिटांचा व्हिडिओ सगळ्यात वरच्या पायरीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो.

आता साक्षीदारांची उलटतपासणी.

ऑल्बनीचा आणि २००७ च्या आढाव्याचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण ते तुलना कशाची करतात ते पाहा: एका तासाचं समोरासमोरचं व्याख्यान विरुद्ध ऑनलाइन धडा, आणि मोजमाप प्राथमिक कौशल्यांचं. दोन्ही सारखे ठरले. बरोबरच आहे, कारण दोन्ही ‘दाखवणं’च आहेत. दीडशे मुलांपुढे माइकवर दाखवलेलं आणि मोबाइलवर दाखवलेलं, यांत फरक पडावा तरी का? यावरून जुलैतला तो तास टाळता येण्याजोगा होता हे सिद्ध होतं. ट्युटोरियल पुरेसं आहे हे सिद्ध होत नाही. ‘एडएक्स’च्या अभ्यासानं तर मुलं किती वेळ पाहत राहिली ते मोजलं, किती शिकली ते नव्हे. अभ्यास करणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. आपण तेवढं वाचलं नाही, एवढंच.

टेक्सासचं म्हणाल, तर ‘टिल्ट’ची आठवण आपण अर्धीच ठेवली. ते व्हिडिओ नव्हतं. त्यात विद्यार्थ्याला विषय निवडावा लागे, मधे-मधे उत्तरं द्यावी लागत, धडा त्याच्या निवडीप्रमाणे वळे. शिवाय कौशल्यांच्या ज्या यादीवर त्या पिढीची बहुतेक ट्युटोरियलं पुढे बेतली गेली, ती यादी, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेची २००० सालची मानकं, पाच मानकं आणि बावीस निर्देशक, त्याच संघटनेनं २०१६ साली रद्द केली. तिच्या जागी जी चौकट आणली, तिच्यात कौशल्यांची जंत्री नाही. संशोधन म्हणजे चौकशी, विद्वत्ता म्हणजे चालू असलेला संवाद, शोध म्हणजे डावपेचांनी केलेली भटकंती, अशा सहा कल्पना आहेत. तिथे जे टाकून दिलं, ते आपण आत्ता कुठे ‘आधुनिक’ म्हणून आणतोय. जुन्या बाजारातून घेतलेला कोट नवा म्हणून मिरवावा, तसं.

पारखण्याच्या धड्याचीही तीच कथा. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या ग्रंथपालांनी २००४ मध्ये एक तपासयादी केली. ताजेपणा, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता, हेतू. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं जे नाव होतं ते वर्गात उच्चारायची सोय नाही. जगभरच्या ट्युटोरियलांत ती शिरली, आमच्याही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी पीएच.डी. झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना वेबसाइटी पारखायला बसवलं. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा पानावरच रेंगाळले: लोगो, भाषा, पत्ता, तळटिपा. तपासनीस मात्र ते पान पुरतं न वाचताच उठले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या लोकांबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. त्यांना कमी वेळ लागला आणि निर्णय जास्त बरोबर आले. तपासयादी माणसाला पानावर खिळवून ठेवते. ज्या इतिहासकारांनी आयुष्य दप्तरांत घालवलं तेही फसले, यानं मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

आणि रंगनाथन. त्यांचं चौथं सूत्र पुढे करणाऱ्यांना हे विसरता येणार नाही, की वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणाऱ्या व्यक्तिगत संदर्भसेवेला त्यांनी ग्रंथालयाच्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवलं होतं. वाचकाचा वेळ वाचवा म्हणाले ते, ग्रंथपालाचा नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळी ट्युटोरियलं गुंडाळा आणि प्रत्येक मुलाला टेबलाशी बसवा. हा दुसरा टोकाचा पक्षही मला मान्य नाही. एक तर दीड हजार मुलं आणि एक ग्रंथपाल हे गणित टेबलावर सुटत नाही. त्याहून मोठं कारण संकोचाचं आहे. घरातलं पहिलंच कॉलेजात गेलेलं पोर खिडकीशी येऊन ‘मला हे कळत नाही’ म्हणायला धजत नाही. तो दुष्काळवाला मुलगा बोलला, पण घुटमळून. न बोलता परत गेलेले किती, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. अशा मुलाला रात्री अकरा वाजता, कुणी बघत नसताना, चुकत-माकत शिकता येणं ही मोठी सोय आहे. ट्युटोरियलच्या बाजूनं हाच खरा दणकट युक्तिवाद, आणि तो कुणी करत नाही. सगळे वेळ वाचण्याचंच बोलतात.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही आमचं ट्युटोरियल मोडून नव्यानं केलं. आधी कॅमेरा आणला नाही, आधी वही ठेवली. सत्रभर खिडकीशी आलेले प्रश्न मुलांच्याच शब्दांत उतरवून घेतले: ‘शाहू महाराजांवर सगळं’, ‘मॅडम सरांनी रेफरन्स मागितलेत ते कुठे मिळतात’, ‘हे पुस्तक दिसतंय पण उघडत नाही’. ही वही म्हणजे आमच्या ट्युटोरियलची संहिता. इतिहासाच्या सरांशी बसून एकच प्रकल्प निवडला, दुष्काळाचाच. पहिल्या पडद्यावर आम्ही काहीही शिकवत नाही. चौकट देतो आणि मुलाला त्याच्या मनानं शोधू देतो. बहुतेक जण आख्खं शीर्षकच टाकतात. निकाल शून्य येतो. तिथे थांबून धडा विचारतो, ‘हे ज्यांनी भोगलं ते या गोष्टीला काय म्हणत? सरकार काय म्हणे? इंग्रजीत कोण काय म्हणालं असेल?’ उत्तरं मुलानं लिहायची, त्याच शब्दांनी पुन्हा शोधायचं. १९६३ चा कायदा तिसऱ्या पडद्यावर येतो, तोपर्यंत ‘फॅमिन’ टाकून तोंडघशी पडणं झालेलं असतं. पुढे त्यांना शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीपाशी नेतो. १८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं नोंदवणारा, १९४३ साली छापलेला तो ग्रंथ आमच्याकडे मांडणीच्या वरच्या फळीवर धूळ खात होता. बहात्तरसाठी तो उपयोगाचा नाही, हे मुलांनी स्वतः ओळखायचं. साधन चुकीचं आहे हे कळणं हीसुद्धा शोधातली कमाईच.

शेवटी चाचणी नाही. एक शोधनोंद लिहून द्यायची: कुठले शब्द टाकले, काय आलं, काय टाकून दिलं आणि का. सरांनी अंतर्गत गुणांतले पाच गुण तिला दिले. गुण नसते तर कुणी लिहिली नसती, हे सांगायला लाजण्याचं कारण नाही. सगळं मजकूर आणि स्थिर चित्रांत आहे, मराठीत. रेंज गेली तरी उघडतं, आणि ओपॅकची नवी आवृत्ती आली की एक चित्र बदललं की काम भागतं. जुना व्हिडिओ तर सॉफ्टवेअर बदललं त्या दिवशी मेला होता; त्यानंतर वर्षभर तो मुलांना नसलेली बटणं दाखवत होता.

याचे तोटे आहेत. दोन महिने लागले. वाणिज्य विभागानं ‘आम्हालाही तेच द्या’ म्हटलं, तेव्हा देता आलं नाही, कारण जीएसटीवर शोधणाऱ्याची अडचण वेगळ्या शब्दांत अडकलेली असते आणि त्याची वही अजून भरलेली नाही. अशी कामं घाऊक होत नाहीत. पण केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या संशोधन-नियतकालिकांच्या देशव्यापी वर्गणी योजनेला मान्यता दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, एवढा पैसा दारं उघडायला खर्च होत असताना, आत जाऊन काय मागायचं हे शिकवण्यासाठी कॉलेजानं एका माणसाचे दोन महिने मोडू नयेत, हे मला पटत नाही.

तुमच्या ग्रंथालयात यंदा ट्युटोरियल करायचं घाटत असेल, तर एवढं करा. देवघेवीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवा, येणारा प्रत्येक प्रश्न मुलाच्याच शब्दांत लिहून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका. व्हिडिओवाल्याला दिवाळीनंतर बोलवा.